चौथं तट्टू

चैत्र लागला की कल्लाप्पाचं मागावर चित्त राहत नसे. धोटा इकडून तिकडं धावायचा, साडीचा काठ वीत वीत वाढायचा, पण त्याचे कान असायचे दाराकडं. दारात लिंबाच्या सावलीला काळी मॉरिस उभी असायची. कॅम्पातला एक साहेब नोकरी संपवून आपल्या मुलखाला निघाला तेव्हा कल्लाप्पाच्या वडलांनी ती ठेवून घेतली होती. वडगावच्या विणकर गल्लीत तिला कुणी मोटार म्हणत नसे. कल्लाप्पाचं तट्टू म्हणत.

त्याला कारण होतं. निपाणीच्या अलीकडं, तवंदी घाटाच्या माथ्यावर सपाट माळ आहे. तिथं दर चैत्रात हौशी लोकांची मोटारशर्यत भरायची. एकाहत्तर साली सुरू झालेली. इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात, हे तिथल्या शेरडं राखणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं. तीस घोड्यांच्या आतल्या गाड्यांचा एक गट, त्यावरच्यांचा दुसरा. वरच्याला लोक घोड्यांचा गट म्हणायचे आणि खालच्याला तट्टांचा. नव्या माणसानं आधी तट्टांत पळायचं, हात बसला की मग घोड्यांत जायचं, अशी रीत. पहिल्या पहिल्या वर्षांत तट्टंच इतकी जमायची की ऊन कलायला आलं तरी त्यांच्या जोड्या संपत नसत. माणसं बाभळीवर चढून बघायची, काटे मोडून घ्यायची आणि तरी उतरायची नाहीत.

आता साल शहाऐंशी उजाडलं होतं. गावोगावी मारुती आल्या होत्या, हलक्या, गुळगुळीत, चावी फिरवली की गुरगुरणाऱ्या. ज्यांच्या घरी त्या आल्या त्यांच्या पोरांनी शर्यतीच्या मंडळाला सांगितलं, आम्हांला ती म्हातारी डबडी हाकायला लावू नका, आम्ही थेट वरच्या गटात उतरतो. मंडळानं मान हलवली. त्या दिवसापासून तट्टांच्या गटात नवं माणूस यायचं थांबलं. जुनं होतं तेही गळायला लागलं. खालचा गट सुटला की लोक एकमेकांना म्हणायचे, "चला, तट्टं पळत्यात तवर चा पिऊन येऊ."

हे सगळं कल्लाप्पानं सोसलं असतं. पण यंदा गोष्ट इंदूची होती.

इंदू त्याची एकुलती लेक. मॉरिसच्या चाकावरच तिचं हसू-रडू झालेलं. पोरगी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरता भरता उठायची आणि गाडीत जाऊन बसायची. कल्लाप्पानं तिला शहापूरच्या मोकळ्या पटांगणात हाकायला शिकवलं, लायसन काढून दिलं. गेल्या वर्षी ती तट्टांत पळणारच होती, पण नेमकी त्याच दिवशी बी.एड.ची परीक्षा आली. आता वैशाखात लग्न ठरलं होतं. जावई दावणगेरेला बँकेत, सायकलवरून जाणारा सज्जन माणूस. साखरपुडा झाला त्या संध्याकाळी इंदू बापाजवळ येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "आप्पा, एकदा पळू द्या मला. मग जाते मी."

कल्लाप्पा म्हणाला, "पळशील की."

म्हणून तर गेला, पण गट भरायला चार गाड्या लागत. हा नियम सगळ्यांत जुना. वाट अरुंद, एका वेळी दोनच गाड्या मावणार. दोन जोड्या पळायच्या, जिंकलेल्या दोघांची शेवटची जोडी व्हायची. एका वर्षी तीन आल्या होत्या, तिसऱ्याला जोडी नाही म्हणून सरळ शेवटच्या फेरीत घातलं, आणि त्यावरून माळावर अशी हाणामारी झाली की दोघांना टाके पडले. तेव्हापासून ठरलं, चाराच्या खाली आल्या तर गट मोडायचा.

एक मॉरिस घरची. दुसरी शहापूरच्या सुबरावची स्टँडर्ड, तोही विणकर, कल्लाप्पाचा जुना जोडीदार. तिसरी गुंजीच्या ज्योतिबाची फोर्ड, तिचं एक दार दोरीनं बांधलेलं. चौथी सापडेना.

कल्लाप्पा खानापूरला गेला. तिथं परशरामच्या लाकडाच्या वखारीमागं ऑस्टिन उभी होती. परशरामनं दार उघडून दाखवलं. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिनं मान वाकडी करून कल्लाप्पाकडं बघितलं.

"बसलीया ती," परशराम म्हणाला. "आता तिला उठवू म्हंतोस?"

"पिल्लं निघाली की?"

"मग पिल्लं कुठं ठेवू? अरं कल्लाप्पा, कोण बघतंय रं आता तट्टं. चा प्यायला जात्यात लोकं. मी गेल्या साली पळालो तर माझ्या घरची माणसंसुदिक भज्याच्या गाडीवर गेलती."

मग राहिला उचगावचा भीमाप्पा. हा शेतकरी गडी, बोलायला कमी. त्याचीही मॉरिसच, करड्या रंगाची, थोरल्या भावानं हौसेनं आणलेली. भाऊ गेल्यावर भीमाप्पानं ती विकली नाही. गोठ्यात बैलांच्या शेजारी बांधावी तशी उभी केली. बेंदराला बैलांसंगं तिलाही धुवायचा, दिव्यांच्या भोवती शिंगांना लावतात तसा हिंगूळ लावायचा, पुढच्या पत्र्यावर झूल घालायचा. पण दोन वर्षं तो शर्यतीला आला नव्हता. लोक हसतात, म्हणायचा.

कल्लाप्पा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. भीमाप्पाच्या बायकोनं, तानुबाईनं, ताक आणून दिलं.

"यंदा चल," कल्लाप्पा म्हणाला.

"नगं. हसत्यात."

"माझ्यासाठनं न्हवं, पोरीसाठनं. गट भरला न्हाय तर पोरगी तशीच सासरी जायाची."

भीमाप्पानं गाडीवरची धूळ हातानं पुसली. तेव्हा कल्लाप्पाला जे सुचलं ते तो बोलून गेला. "भीमाप्पा, ही मोटार न्हवं. हा तुझा बैल हाय. दावणीला बांधून ठेवल्याला बैल कसा सुकतो, तुला मी सांगाय पायजे काय? त्याला मोकळं सोड एकदा. बैलागत वागीवतोस, मग बैलागत पळू बी दे की."

भीमाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "व्हय. बैलच हाय त्यो." आणि लगेच उठून इंजिनात पाणी घालायला लागला. आतून तानुबाई म्हणाली, "बघा, गेली दोन वरसं मी जा जा म्हनत हुते तर ऐकलं न्हाय. पावन्यानं बैल म्हनलं की निगालं."

शनिवारी सकाळी मॉरिस निघाली तेव्हा गल्लीतले माग थांबले. इंदूची आई चंद्राबाई रहाटावर कांड्या भरत होती. जात्यावरच्या ओव्यांवर वाढलेली बाई, हात चालला की तोंडून ओवी यायचीच. गाडीपुढं नारळ फोडून झाल्यावर ती म्हणाली,

काळी मोटार दारात, हिच्या गळ्यात झेंडूमाळ
लेक माझी गं हाकती, उद्या गाजंल घाटमाळ

शेजारच्या बाळाबाईनं हसून विचारलं, "आन् जावयाची ओवी?"

"त्यो सायकलवाला," चंद्राबाई म्हणाली. "त्याला ओवीत बसवाय येत न्हाय." आणि मग हलकेच कल्लाप्पाला, "मंगळवारी पावनी बस्ता बांधाय येणार हाईत. सोमवारच्या रातीला घरात पायजे पोरगी."

"रविवारी शर्यत. सोमवारी सकाळीच येतो की."

रविवारी माळावर चारही तट्टं आली. भीमाप्पाची करडी मॉरिस झूल घालून आली तेव्हा लोक हसले खरे, पण त्या हसण्यात माया होती. जोड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. मंडळाचा कार्यवाह निपाणीचा धर्मराज वकील. त्याच्या बापानं तंबाखूच्या वखारीत ओझी वाहिली होती, आणि हा बाबासाहेबांचं नाव घेत शिकून काळा कोट घालून कोर्टात उभा राहिला. पहिल्या शर्यतीत तो स्वतः तट्टांत पळाला होता. त्या वेळी त्याच्या गाडीशी जोडी लावायला दोघा-तिघांनी नाक मुरडलं. तेव्हा त्यानंच चिठ्ठ्यांचा नियम करून घेतला. ज्याची निघेल त्याच्याशी पळायचं, नाही तर घरी जायचं. नियमानं त्याला माळावर उभं केलं होतं, म्हणून तो नियमाला हात लावू देत नसे.

चिठ्ठीत इंदूची जोडी भीमाप्पाशी निघाली. भीमाप्पा म्हणाला, "पोरीसंगं पळायचं म्हंजे मला मागंच ऱ्हायला पायजे." इंदू म्हणाली, "काका, मागं राहिलात तर मी गाडी थांबवून तुमची वाट बघीन, मग दोघांचीबी हार." भीमाप्पा कितीतरी वेळ हसत होता.

पहिली जोडी सुटायच्या आत वळीव आला. आधी धूळ उठली, मग गारा. फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघा पाण्याबरोबर वाहून गेल्या. घोड्यांच्या गटातली पोरं मारुतीत काचा लावून गाणी ऐकत बसली. धर्मराजनं भिजत भिजत मंडळाच्या लोकांशी बोलून जाहीर केलं, माती आवळली की उद्या सकाळी शर्यत. सगळे निपाणीत एका वखारीत झोपायला गेले. तंबाखूच्या वासानं कुणाला नीट झोप लागली नाही. कल्लाप्पाला तर मुळीच नाही. पण त्याच्या मनात पावसाचीच काळजी होती. दुसरं काही त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सकाळी माळ धुतल्या पाटीसारखा स्वच्छ. ऊन कोवळं, माती घट्ट, नवी फक्की टाकलेली. इंदूनं पदर खोचला, डोक्याला रुमाल बांधला आणि मॉरिस रेघेवर आणून लावली. पलीकडची जागा रिकामी होती.

भीमाप्पा आपल्या गाडीजवळ मातीत बसला होता. गाडीच्या पुढच्या पत्र्याला त्यानं हळद-कुंकू लावलं होतं, वर दोन फुलं ठेवली होती.

"चल रं," कल्लाप्पा म्हणाला. "जोडी पुकारलीया."

भीमाप्पानं वर बघितलं. "आज सोमवार हाय, कल्लाप्पा."

क्षणभर कल्लाप्पाला कळलंच नाही. मग कळलं. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. या मुलखातल्या कितीतरी घरांत पेरणी चुकली तरी चालते, पण सोमवार चुकत नाही. तो बसवण्णाचा, नंदीचा दिवस. बैलाला धुवायचं, ओवाळायचं आणि बसू द्यायचं.

"आरं, पण ही..." कल्लाप्पा म्हणाला आणि थांबला. ही मोटार हाय, असं त्याच्या ओठावर आलं होतं. उचगावच्या गोठ्यात बसून त्यानंच तर ते खोडून काढलं होतं.

"दोन वरसं न्हाय पळवला," भीमाप्पा सांगत होता. "रविवार हाय म्हनून आलतो. काल पळवला असता, हाडं मोडूस्तवर पळवला असता. आज कसा जुंपू? आमच्या घरात आजवर कुणी सोमवारी जुंपला न्हाय. थोरला असता तर त्यानं बी जुंपला नसता."

तोवर माणसं गोळा झाली. मष्णू म्हणून एक सायकल दुकानवाला होता, त्याला दुसऱ्याच्या अडचणीत जीभ सुटायची. तो म्हणाला, "सोमवारी पेट्रोल पीत न्हाय व्हय हे? उपास हाय जनू."

"व्हय," भीमाप्पा गंभीरपणे म्हणाला, "उपास हाय त्याचा."

मग कुणीच हसलं नाही. सुबराव म्हणाला, "भीमाप्पा, तू नगं हाकू. दुसरा हाकंल." भीमाप्पा म्हणाला, "बैल कुणी बी हाकला तरी मान त्याचीच दुखती न्हवं?" ज्योतिबा म्हणाला, ढकलून रेघेवर आणू, गणती तर होईल. तेव्हा सगळ्यांनी धर्मराजकडं पाहिलं.

धर्मराजनं चष्मा काढून पुसला. "गाडी चालू होऊन सुटली तरच धरायची, असं आहे. आज मी ढकललेली धरली तर उद्या कुणीतरी दोरीनं ओढलेली आणेल."

"वकीलसाहेब, एकदा," कल्लाप्पा म्हणाला. "पोरीसाठनं. नियम एकदा वाकवा."

"कल्लाप्पा, माझ्या पोरीसाठी असतं तरी हेच सांगितलं असतं." तो खाली बघून बोलत होता. "मारुतीवाल्यांसाठी आम्ही एकदा वाकवला. त्याचं काय झालं ते बघतोयस. वाकला की तो नेहमी मोठ्याकडंच झुकतो. उद्या शर्यत ठेवू म्हटलं तर पोलिसांची परवानगी आजच्यापुरतीच आहे, आणि घोड्यांच्या गटातली बाहेरगावची पोरं दुपारी निघणार."

कल्लाप्पाला वाटलं, भीमाप्पाचे पाय धरावेत. शंभर माणसांसमोर धरावेत. तो दोन पावलं पुढं गेलाही. पण त्याला आठवला आपल्याच घरचा अवसेचा दिवस. अवसेला त्याचे माग बंद. व्यापारी दारात येऊन ओरडला, मुहूर्ताच्या साड्या अडल्या, तरी धोट्याला कुणी हात लावला नव्हता. का, असं कुणी विचारलं असतं तर त्यालाही उत्तर देता आलं नसतं. ते हातातच नव्हतं. भीमाप्पाच्याही हातात नव्हतं. पाय धरले असते तर भीमाप्पा उठला असता, रडत रडत गाडीत बसला असता, आणि उचगावला परत गेल्यावर त्या गोठ्यात त्याला आयुष्यभर तोंड वर करता आलं नसतं. कल्लाप्पा मधेच उभा राहिला. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

तेव्हा इंदू गाडीतून उतरली. ती भीमाप्पाजवळ जाऊन मातीत बसली.

"काका, त्याला पाणी दाखवलं काय सकाळी?"

"दाखवलं की."

"मग बसू दे त्याला."

भीमाप्पानं तोंडावर पटका घेतला. त्याचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं तो म्हणाला, "उद्याच्याला पळू की गं. तू आन् मी. मी हितंच झोपतो आज. उद्या तांबडं फुटायला सोडू दोघांनी."

"उद्या बस्ता हाय काका. पाहुणे येणार." ती हसली, जशी वर्गातल्या रडणाऱ्या मुलाकडं बघून मास्तरीण हसते. "आज रात्री घरात पाहिजे मी."

करड्या पत्र्यावरची फुलं उन्हानं माना टाकायला लागली.

धर्मराज जवळ आला. त्याला काहीतरी द्यायचं होतं, काय ते कळत नव्हतं. "इंदू, असं करू. घोडे सुटायच्या आधी तू एकटीच एक फेरी मार. मी पुकारतो. लोक टाळ्या देतील."

"एकटीनं पळायची ती कसली शर्यत, वकीलकाका? वरातच की ती. वरात निघणारच हाय माझी."

धर्मराजनं मान हलवली आणि भोंग्याकडं गेला. खालचा गट पुरेशा गाड्यांअभावी रद्द, असं त्यानं मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं. बऱ्याच जणांना बरंच वाटलं असावं, कारण लगेच मारुतींच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. त्या दिवशी चहाला जायला तट्टांची वेळच उरली नव्हती.

दुपारपर्यंत घोड्यांचा गट पळाला. धुळीचा लोट उठायचा, त्यात गाडी दिसायची नाही, नुसता आवाज. कल्लाप्पा, सुबराव आणि ज्योतिबा आपापल्या बंद गाड्यांच्या सावलीला बसून भाकरी खात होते. चंद्राबाईनं बांधून दिलेल्या तिळाच्या पोळ्या तशाच राहिल्या. जरा वेळानं धर्मराज येऊन त्यांच्यात बसला आणि हळूच म्हणाला, पुढच्या वर्षी खालचा गट ठेवायचाच नाही, असं मंडळात ठरल्यागत आहे. ज्योतिबा म्हणाला, "बरं झालं. माझ्या दाराची दोरी तरी वाचंल." आणि मग आपल्याच बोलण्याचा त्याला राग आला. हातातला घास त्यानं कुत्र्याला टाकला.

निघताना कल्लाप्पानं चावी पुढं केली. "तू चालव."

इंदूनं चावी घेतली. भीमाप्पा त्यांना घाटाच्या तोंडापर्यंत चालत पोचवायला आला, गाडी हळू चालवायला सांगितली, तानुबाईसाठी निरोप दिला आणि उद्याचा दिवस उजाडेपर्यंत आपल्या बैलाजवळ बसायला परत फिरला. आरशात तो लहान होत गेला.

घाटाच्या उतारावर कल्लाप्पा काहीतरी बोलायला बघत होता. पुढच्या वर्षी, असा शब्द त्याच्या तोंडात आला आणि तिथंच विरघळला. पुढच्या वर्षी गट नव्हता, इंदू नव्हती. दारात लिंबाखाली गाडी तेवढी असणार होती.

"आप्पा," इंदू म्हणाली, "दावणगेरेला मी शिकवायला जायची ती शाळा घरापासून लांब हाय म्हणे. बसनं जावं लागंल."

"व्हय. मोठं गाव हाय ते."

संकेश्वर मागं पडलं आणि मागून भोंगे वाजायला लागले. शर्यत संपवून घरी निघालेल्या मारुती येत होत्या, एकामागं एक, काचांतून पोरांचे हात बाहेर, गाण्यांचे आवाज. मॉरिस तीस घोड्यांच्या आतली, चढ लागला की ती धापा टाकायची. इंदूनं गाडी डाव्या अंगाला घेतली. मग बापानं शिकवलं होतं तसा उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि तळवा मागून पुढं हलवत वाट मोकळी असल्याची खूण केली. एक गाडी गेली. तिनं हात तसाच ठेवला. दुसरी गेली. कुणी ओळखून ओरडलं, कुणी नुसतंच भोंगा वाजवून गेलं. प्रत्येकीला ती खूण देत राहिली, हात न थकवता, अगदी नियमानं. कल्लाप्पानं एकदा म्हटलं, "आत घे गं हात, ऊन लागंल."

"अजून येत्यात आप्पा," ती आरशात बघत म्हणाली.